बारा शब्द तिचे, बारा त्याचे

त्या मोठ्या इस्पितळात चारशे बारा टेलिफोन होते आणि सगळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. तळघरात, औषधांच्या गोदामाला लागून तिची खोली. खिडकी नाही, एक पंखा, एक जुना बोर्ड आणि कानाला लावायचं यंत्र. तिथे ती एकवीस वर्षं बसली. सगळे तिला एक्स्चेंजबाई म्हणत. एखादा डॉक्टर घाईघाईत “ते, भाजलेल्यांचं” एवढंच पुटपुटला तरी हिची बोटं दोनशे एकोणचाळीसवर पोचलेली असत. डायरी उघडताना तिला कुणी पाहिलं नाही.

नवरा त्याच इस्पितळात लिफ्टचा मिस्त्री. लग्नाआधी ती एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, तेव्हा वरच्या झाकणातून हा तिच्याशी पाऊण तास बोलत राहिला होता. काय बोलला, तर लिफ्टबद्दलच. दोर किती, ब्रेक कुठे, पडू का शकत नाही. ऐकता ऐकता तिची भीती गेली. माणूस तसा कमी बोलणारा, पण यंत्राबद्दल विचारलं की थांबायचा नाही. “ज्याचं झाकण उघडून आत बघता येतं, त्याच्यावरच विसंबावं,” असं तो म्हणायचा. त्यात वावगं काही नव्हतं. संसार सुरळीत चालला होता. एक मुलगी झाली, शिकली, लांबच्या गावी चष्म्याच्या दुकानात कामाला लागली.

मग एक तारखेला त्याचा पगार बँकेत जमा झाला आणि बाहेर येईना.

त्याच्याच नावाच्या कुणा दुसऱ्या माणसाने कुठेतरी मोठा घोटाळा केला होता. नाव तेच, आडनाव तेच, आणि नेमकं बापाचं नावही तेच. खातं गोठवलं गेलं. तो बँकेत गेला. खिडकीमागचा कारकून वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि म्हणाला, “काका, मला कळतंय हो. पण सिस्टीम सोडत नाहीये.”

“मी समोर बसलोय ना? हा मी, हा माझा फोटो.”

“ते मला दिसतंय. सिस्टीमला दिसत नाही.”

याच दिवसांत त्याच्या आईच्या हृदयाची झडप निकामी झाली. हे ऑपरेशन त्यांच्या इस्पितळात होत नसे. दुसरीकडे आगाऊ रक्कम भरायची होती आणि रक्कम त्याचीच होती, खात्यात, कुलपाआड. तो रोज सकाळी बँकेत आणि दुपारी आईच्या उशाशी. सोबत्यांनी हात दिला, हिने दागिने मोडले, पैसे जमले. पण जमेपर्यंत म्हातारीने वाट पाहिली नाही. सातव्या महिन्यात दोन ओळींचं पत्र आलं. नामसाधर्म्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

त्याने ते पत्र दोनदा वाचलं. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. ती म्हणाली, “अहो, निदान भांडा तरी त्यांच्याशी.” तो म्हणाला, “कुणाशी? आत माणूसच नाही.”

त्यानंतर वर्षभर दुपारच्या सुट्टीत तो गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत मोबाइल आणि वही घेऊन बसू लागला. बिटकॉइन हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तो जेवताना. तिला वाटलं, लॉटरीचा काही प्रकार असेल. त्याने हात धुतले आणि समजावून सांगितलं. ही एक वही आहे, पण कुणा एकाच्या कपाटात नाही. हजारो ठिकाणी तीच वही. कुणी साहेब उठून माझं पान चिकटवून टाकू शकत नाही. किल्ली माझी, कुलूप माझं.

“आणि आपलंच काही चुकलं तर? तक्रार कुणाकडे करायची?”

“कुणाकडेच नाही,” तो म्हणाला आणि बऱ्याच महिन्यांनी हसला. “तेच तर.”

तिला ते ‘तेच तर’ काही पटलं नाही. पण सासूबाईंचं शेवटचं तोंड तिनेही पाहिलं होतं. नको म्हणायला तिची जीभ उचलेना.

त्याने नोकरी सोडली. राहता फ्लॅट विकला. त्यातून शहरापासून दोन तासांवर खडकाळ उतारावरची जमीन घेतली आणि उरलेलं सगळं बिटकॉइनमध्ये घातलं. तिची पेन्शन लागायला तीन वर्षं बाकी होती. तो म्हणाला, “पेन्शन म्हणजे गळ्यातली दोरी, टोक दुसऱ्याच्या हातात.” तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी बोर्डवरून तिने एकेका वॉर्डाला निरोपाचा फोन लावला आणि चौसष्टाव्या फोनला तिचा आवाज बसला.

उतारावर त्यांनी सिमेंटच्या ठोकळ्यांच्या दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे. सौर पाट्या त्याने स्वतः बसवल्या. बॅटऱ्यांची फळी, पावसाच्या पाण्याची टाकी, गाळणी, सगळं स्वतः केलं. पाच शेळ्या, कोंबड्या, भाजीचे वाफे. पहिल्या वर्षी टोमॅटो लागले तेव्हा तो एक टोमॅटो हातात धरून बराच वेळ बघत राहिला. विमा बंद केला. बँकेतलं खातं त्याने स्वतः जाऊन बंद केलं. ओळखपत्रांची मुदत संपली ती संपू दिली. महिन्याच्या खर्चापुरतं काहीतरी तो मोबाइलमध्ये ठेवी आणि बाजाराच्या गावच्या एका मोबाइल दुकानदाराला विकून रोख आणी.

मोठा साठा मात्र चोवीस शब्दांमागे होता. ते शब्द क्रमाने सांगितले तर पैसे उघडणार, एक जरी चुकला तर नाही. शब्द इंग्रजी, साधेच. त्याने ठरवलं, कागदावर काही ठेवायचं नाही. कागद चोरीला जातो, जळतो, कुणी जप्त करतो. पहिले बारा तो पाठ करणार, पुढचे बारा ती.

“मला चोवीस होतील की पाठ,” ती म्हणाली. “चारशे बारा नंबर होते.”

“प्रश्न पाठांतराचा नाही. उद्या एकाला कुणी धरून पिळलं, तरी दुसऱ्याशिवाय उघडायला नको.”

“मला कोण पिळणार इथे? शेळ्या?”

तो हसला नाही. तिला कुठेतरी बारीक टोचलं, पण तिने बोलून दाखवलं नाही. प्रत्येक शब्द तिने जुन्या एकेका नंबराला टांगला. लॅम्प म्हणजे एकशे सात, एक्स-रे. लॅडर म्हणजे तीनशे दोन, बाळंतिणींचा वॉर्ड. आठवड्याभरात पक्के झाले. गंमत म्हणून तिने काळ्या शेळीचं नाव ‘विंटर’ ठेवलं, तर त्याने त्याच दिवशी बदलायला लावलं. “शेळीलासुद्धा सांगायचं नाही.” रविवारी सकाळी तो तिची परीक्षा घेई. ती शब्द पुटपुटे, तो डोळे मिटून ऐके आणि मान हलवी. म्हणजे तिचे बारा तो वरचेवर ऐकत होता. त्याचे बारा तिने कधीच ऐकले नाहीत.

लेक वर्षातून एकदा यायची. पत्र्याखाली घामाघूम होऊन बसायची. एकदा म्हणाली, “बाबा, आईला गुडघे दुखतात. निदान तपासून तरी घेऊ.”

“तपासणी म्हणजे पुन्हा त्यांच्या रजिस्टरात नाव. एकदा शिरलं की निघत नाही.”

“मग आईने दुखणं अंगावर काढायचं?”

“मी सांगितलं नाही तसं. तिला विचार.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “दुखतात थोडे. चालायचंच.” नंतर वाफ्यात तण काढताना तिला स्वतःचाच राग आला. पण राग गिळायची सवय झाली की तो पचतोही, निदान तसं वाटतं.

चौथ्या उन्हाळ्यात शेळ्यांचं कुंपण ओढताना त्याच्या टाचेत गंजकी तार घुसली. त्याने मिठाच्या पाण्याने धुतली, फडकं बांधलं. दोन दिवस लंगडला. पाचव्या दिवशी पाय सुजला, सहाव्या दिवशी करंगळी निळी दिसू लागली आणि फडक्याला असा वास यायला लागला की इस्पितळात आयुष्य काढलेल्या बाईला तो सांगावा लागत नाही. मागचं वर्षभर तो सारखं पाणी पीत होता, सारखा उठत होता. उन्हामुळे असेल, असं म्हणत होता. तिने दोन आणि दोन चार केले.

“अहो, चला. ही साखर आहे. पाय जाईल.”

“गोळ्या आहेत आपल्याकडे.”

“त्या जुन्या झाल्या. चला.”

“तिथे गेलो की आधी कार्ड मागतील. माझ्याकडे नाही. मी नाहीच आहे त्यांच्या लेखी.” हे त्याने अभिमानाने सांगितलं. अंगात ताप फणफणत होता.

ती आणखी तीन दिवस थांबली. हे तीन दिवस ती पुढे जन्मभर मोजणार होती. नवव्या दिवशी सकाळी तो तिला ओळखल्या न ओळखल्यासारखं करू लागला, तेव्हा तिने त्याचं ऐकणं सोडलं. दुखऱ्या गुडघ्यांनी डांबरी रस्त्यापर्यंत गेली, दुधाचा टेम्पो अडवला. टेम्पोवाल्याने आणि तिने त्याला चादरीत उचलून दुधाच्या कॅनांच्या मध्ये जागा करून निजवलं.

ती त्याला आपल्या जुन्या इस्पितळात घेऊन गेली. कार्ड कुणी मागितलं नाही. दारावरच्या वॉर्डबॉयने तिला ओळखलं, “एक्स्चेंजबाई,” म्हणाला आणि ट्रॉली आणायला पळाला. वर नेताना लिफ्टचं दार उघडलं, ट्रॉलीचं चाक अडखळलं. तापात पडल्या पडल्या तो म्हणाला, “अर्धा इंच खाली थांबतेय. ब्रेक बघा.” ते त्याचं शेवटचं शुद्धीतलं बोलणं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “साखर कधी तपासली होती?”

“कधीच नाही.”

त्यांनी ते तसंच कागदावर उतरवलं. गुडघ्याखाली पाय काढला. विष रक्तात आधीच भिनलं होतं.

लेक आली. बाहेरच्या बाकावर बसून तिने हळूच विचारलं, “आई, पैसे? इथला आकडा वाढत चाललाय. मी माझं सगळं भरलंय. बाबांचं ते आहे ना?”

“आहे. अर्धं माझ्याकडे.”

“आणि अर्धं?”

तिने दाराकडे बघितलं. लेकीला समजायला क्षणभर लागला, मग तिने पर्समधून पेन काढलं.

दुपारी त्याला थोडी जाग आली. ती त्याच्या कानाशी वाकली. “अहो, ऐकताय का? तुमचे बारा शब्द सांगा. मी लिहून घेते.”

त्याने डोळे उघडले. तिच्या हातातलं पेन पाहिलं, कागद पाहिला. चेहरा घट्ट झाला.

“कोण तुम्ही?”

“मी आहे हो. मी.”

“आधी ओळखपत्र दाखवा.”

“अहो, मी तुमची बायको.”

“तसं सगळेच म्हणतात,” तो म्हणाला. आवाज शांत होता. “मला सात महिने बसवलंत तुम्ही त्या खुर्चीवर. माझी आई गेली. आता शब्द हवेत?” त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिने कागद खाली ठेवला. त्याला लिफ्टबद्दल विचारलं, दोर किती, ब्रेक कुठे, म्हणजे निदान आवाज ओळखेल. ती पाऊण तास बोलत राहिली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाची गाडी वॉर्डातून फिरत असताना, तो गेला.

पुढे दोनदा माणसं आली. लेकीने कुठून तरी शोधलेली, हुशार, लॅपटॉप घेऊन आलेली. शब्द एखाद-दुसरा कमी असता तर शोधता आला असता, बारा नाही. त्यातल्या एकाने तिला पडद्यावर दाखवलंही, “हे बघा मावशी, पैसे इथेच आहेत. जसेच्या तसे.” तिने चष्मा लावून बघितलं. आकडा होता. वाढलाही होता. कुणीही बघू शकत होतं, हात लावू शकत नव्हतं.

एक हिवाळा ती उतारावर एकटी राहिली. बॅटऱ्या कशा सांभाळायच्या हे तिला येत होतं, शेळ्या ओळखीच्या होत्या, आणि लेकीची जागा म्हणजे एक खोली. मग दोन बॅटऱ्या बसल्या, पाण्याच्या टाकीकडे जाताना ती पडली आणि अर्धा दिवस तिथेच पडून राहिली. शेळ्या टेम्पोवाल्याने घेतल्या. जमिनीला गिऱ्हाईक आलं नाही. जुन्या ओळखीने लेकीच्या गावी एका टॅक्सीवाल्यांच्या कचेरीत फोन घेण्याचं काम मिळालं. पगार बँकेतच जमा होतो. खातं उघडायला गेली तेव्हा वारस म्हणून कुणाचं नाव लिहायचं असं विचारलं, तिने लेकीचं सांगितलं.

एकदा सकाळी लेकीला ती मोरीपाशी दिसली, घासलेलंच भांडं पुन्हा घासत.

“आई, रडतेयस?”

“नाही. राग आलाय.”

“बँकेचा?”

“बँकेचा होताच. तो जुना.” तिने भांडं पालथं घातलं. “माझे बारा तुझ्या बाबांना पाठ होते गं. दर रविवारी ऐकायचे. मी मात्र त्यांचे ऐकायचे नाहीत. चार वर्षं एका पत्र्याखाली राहिलो.”

लेकीने आईचा डबा भरून दिला, गुडघ्याची गोळी घेतली का ते विचारलं. कचेरी आठला उघडायची आणि पहिला फोन हिलाच घ्यायचा असे, म्हणून ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत निघाली.