मिस्त्री जेवायला गेलेत

माझी आत्या सलग बावीस वर्षं जेवत होती. म्हणजे तिच्या मालकाच्या म्हणण्यानुसार. वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात पडद्यामागे बसून ती इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायची. पडद्यापुढे एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "हे काम कुणी केलं हो, जरा भेटू द्या," की मालक सांगायचा, "मिस्त्री जेवायला गेलेत." सकाळी दहालाही जेवायला, संध्याकाळी पाचलाही जेवायला! बाईमाणसानं महागड्या गिटारीत हात घातलाय हे कळलं तर गिऱ्हाईक पळेल, अशी त्याला धास्ती. खरंच एवढी जेवली असती तर आत्या त्या पडद्यामागे मावली नसती. मला त्या माणसाचा अजूनही असा संताप येतो ना! आत्या मात्र हसायची. फक्त कधीतरी म्हणायची, "एकदा, एकदाच कुणीतरी मला तोंडावर सांगावं गं, की काम छान झालंय. मग मी खुशाल जेवायला मोकळी."

पुढे मालक गेला, दुकान बंद झालं आणि आत्यानं घराच्या पुढच्या खोलीत आपलं टेबल मांडलं. खिडकीशी कैची-पक्कडांची रांग, शेजारी कथिलाच्या धुरानं पिवळी पडलेली भिंत, आणि मध्ये तिचं लाडकं यंत्र: जुन्या शिलाई मशीनची मोटर, खाली पायाचं पेडल, वर सायकलचा मीटर. त्यावर ती कॉइल गुंडाळते. गिटारीच्या तारांखाली जी चुंबकाची डबी असते ना, पिकअप, तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. आत्या ती तार दोन बोटांत धरून, श्वास रोखून सोडते. तेव्हा घरात कुणी शिंकायचं नाही. मला शिंक आली तर मी अंगणात पळते, आणि मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवणारी बाई आहे.

दारावर पाटी आहे, "गिटार दुरुस्ती". आलेला माणूस आत्याच्या डोक्यावरून आत बघतो आणि विचारतो, "मिस्त्री आहेत का?"

गेल्या महिन्यात पोस्टमनकाका आले. चौतीस वर्षं सायकल मारून निवृत्त झालेले, पोटऱ्या दगडासारख्या. काखेत चादरीत गुंडाळलेली गिटार. "थोरल्या भावाची. हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा. तीन वर्षांपूर्वी गेला बिचारा. मला सारेगमसुद्धा येत नाही. ही खरखरते, तेवढी नीट करून द्या. विकून एक जुनी चारचाकी घेतो. उरलेलं आयुष्य बसून फिरायचंय मला!"

आत्यानं चादर उघडली आणि हात मागे घेतला. तिचा नियम आहे, जुनी गिटार आली की आधी किंमत, मग दुरुस्ती. तोवर धूळसुद्धा पुसायची नाही. जुन्या वाद्यात जे जसंच्या तसं राहिलंय त्यालाच मोल असतं, कथिलाचा नवा टाका दिसला की भाव उतरला. म्हणून तिनं जाणकाराला बोलावलं. आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो.

भिंगवाले आले. हातमोजे, छोटी बॅटरी, डोळ्याला भिंग. पुढची पट्टी उघडून अर्धा तास हूं हूं केलं. मग म्हणाले, "पन्नास वर्षांत हिच्या आत कुणाचा हात लागलेला नाही." आणि त्यांनी असा काही आकडा सांगितला की काकांना स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं.

"हे बघा," भिंगवाल्यांना आता चेव आला होता, "प्रत्येक स्क्रूची खाच कशी अगदी तारांच्या रेषेत उभी आहे! ही कारखान्याची शिस्त. असे कारागीर आता जन्माला येत नाहीत."

मी आत्याकडे पाहिलं. तिचे गाल फुगलेले, डोळे पाण्यानं भरलेले, तोंडात ओढणीचा बोळा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घरात बिजागऱ्यांचे, स्विचबोर्डाचे, अगदी कढईच्या दांड्याचेसुद्धा स्क्रू असेच खाच सरळ ठेवून बसवलेले आहेत. आत्याला वाकडी खाच बघवत नाही.

"गप्प बस," मी तिच्या कानात म्हटलं. "काकांची गाडी जाईल."

पण हसू आवरेल तर ना! ओढणी सुटली. "अहो, जन्माला आलाय की! हा काय समोर बसलाय! या पिकअपची कॉइल जळली होती, मी नवी गुंडाळली!"

भिंगवाल्यांचा चेहरा पडला. "बाई, हे जाणत्यांचं काम आहे. तुम्ही जरा तुमच्या मिस्त्रींना बोलवा."

"मिस्त्री जेवायला गेलेत!" मी अशी किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आत्या म्हणाली, "पिकअपचं कव्हर खुळखुळत होतं म्हणून मी आत कागदाची घडी सरकवली होती. उघडा आणि बघा."

"उघडायचं म्हणजे कव्हरचे टाके तोडायचे," भिंगवाले म्हणाले. "आत काही नसलं तर या गृहस्थांचं नुकसान. असलं तरी नुकसानच."

आत्याचं हसू पार मावळलं. तिनं काकांकडे पाहिलं. "मग नको. राहू दे. मी काही बोललेच नाही असं समजा." बावीस वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हाताशी आली होती आणि ही बाई ती खाली ठेवत होती. मला रडूच फुटलं.

काकांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "आत कागद आहे का नाही?"

"आहे."

"चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट मी कधी स्वतःच्या खिशात घातलं नाही. उघडा."

आत्यानं टाके सोडवले, कव्हर उचललं. आत घडी. वहीचा रेघी कागद, त्यावर पेन्सिलीनं लहान मुलाच्या अक्षरात साताचा पाढा. भिंगवाल्यांनी भिंग लावून मोठ्यानं वाचला, "सात साते एकोणपन्नास. सात आठे चौपन्न."

अक्षर माझं होतं. शाळा सुटली की मी त्या पडद्यामागेच अभ्यासाला बसायचे. आता सांगा, मी कुठे तोंड लपवू? आत्या टेबलावर डोकं ठेवून हसत होती, काका मांड्या बडवत होते, आणि भिंगवाले इतके हसले की भिंग डोळ्यातून निसटून कथिलाच्या डबीत पडलं.

मग नवा आकडा आला. निम्म्याच्या जरा वर. चारचाकीची स्कूटर झाली.

आत्या हात जोडायला लागली, "माझ्या जिभेला काही हाड नाही हो काका..." पण काका ऐकतच नव्हते. ते त्या कागदाकडे टक लावून बघत होते.

"म्हणजे हीच ती गिटार," ते म्हणाले. "दादाकडे चार होत्या, मला वाटायचं ती दुसरी. तो सांगायचा, जळलेली दुकानात टाकली आणि परत आली ती आधीपेक्षा गोड वाजायला लागली. मिस्त्रीला भेटायला तीनदा गेला. तिन्ही वेळा मिस्त्री जेवायला गेलेले." काका उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला. "शेवटपर्यंत म्हणायचा, तो मिस्त्री कधी भेटला तर सांग, काम छान झालंय. निरोप होता. उशीर झाला खरा, पण पोचवला."

आत्यानं पेडलवरचा पाय काढला आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरले. मीही रडत होते, लाजायचं काय त्यात.

भिंगवाले खाली मान घालून दाखला लिहीत होते. "पिकअप नंतरचं. गुंडाळणारे कारागीर... नाव काय लिहू?"

"लिहा, मिस्त्री," आत्या पुटपुटली.

"पूर्ण नाव!" मी ओरडले. तिनं सांगितलं. एक वेलांटी चुकली तर मी सगळा दाखला पुन्हा लिहायला लावला. खाली त्यांनी "आत कागद, सात आठे चौपन्न" असं लिहिलं. निदान छप्पन्न तरी करा म्हणून मी हातापाया पडले, पण ते म्हणाले, जे जसं आहे तसंच लिहावं लागतं.

सगळे गेले तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी ताटं वाढली. आत्यानं पहिला घास घेतला आणि दार वाजलं. एक तरुण, खांद्यावर गिटार, नजर थेट आतल्या खोलीकडे.

"मिस्त्री आहेत का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून भरल्या तोंडानं आत्या ओरडली, "मिस्त्री जेवतेय! बसा पाच मिनिटं!"