न प्यायलेली दारू

दोघं भाऊ एकाच दुकानात केस कापायचे. दुकान थोरल्याचं, पण गिऱ्हाईक यायचं ते धाकट्याच्या हातासाठी. तो हात थरथरायला लागला आणि सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, न्हावी प्यायला लागला. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! दोन माणसांचं जेवायचा तरी गालफडं बसलेली, पंख्याखाली घाम, छातीत धडधड. त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवू." थोरला म्हणाला, "आधी बाटली सोड म्हणावं." भर दुकानात त्याने धाकट्याचा वस्तरा काढून घेतला आणि हातात झाडू दिला.

एका सुट्टीच्या दिवशी धाकटा भरपेट जेवून आडवा झाला. उठायला गेला तर पाय उचलेनात. चिमटा काढलेला कळत होता, पाय मात्र जागचे हलत नव्हते. बायकोने थोरल्याला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "आज दुपारीच सुरू?"

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी तोंड हुंगलं. वास येईना, तेव्हा म्हणाले, "मनाचं दुखणं दिसतंय. ग्लुकोज लावू." ग्लुकोज चढत गेलं तसे हातही लुळे पडले. नाकावरची माशी हाकलता येत नव्हती, पण कान शाबूत होते. थोरला नर्सला सांगत होता, "नाटकं आहेत. कामचुकार आहे."

"अहो, हातही गेले ह्यांचे!" बायको कडाडली आणि रिक्षा बोलावून नवऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं.

"थायरॉईड फार जोरात चालतंय," त्या म्हणाल्या. "त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरलंय, म्हणून स्नायू लुळे पडलेत. ग्लुकोजने ते आणखी उतरलं."

"आणि हात थरथरतो तो?" बायकोने विचारलं.

"तोही थायरॉईडमुळेच."

पोटॅशियम दिल्यावर संध्याकाळी बोटं हलली, सकाळी तो स्वतःच्या पायांनी उभा राहिला. थायरॉईडच्या गोळ्यांनी पुढे हातही स्थिरावला. तेव्हा थोरला घरी आला. "झालं गेलं विसर. उद्यापासून वस्तरा धर."

"दारुडा म्हणून दुकानभर सांगितलंस, दादा. आता तेवढ्याच मोठ्याने खरं सांग."

"घरातलं चारचौघांत कशाला?"

"खोटं होतं तेव्हा चाललं ना चारचौघांत?"

थोरला उठून गेला. धाकट्याने पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात खुर्ची धरली. जुनी गिऱ्हाइकं शोधत आली. त्यातल्या एकाने साबण लावून घेता घेता मायेनं विचारलं, "सुटली का रे शेवटी?"

"लागलीच नव्हती," धाकटा म्हणाला. "मान वर करा."