शेवटी बाहेर पडणारा माणूस

लवू घाडीगावकर लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण वर्षातले आठ महिने त्यांचा मुक्काम अरबी समुद्रात असतो. मुंबईपासून दीडशे किलोमीटर आत तेलाच्या विहिरींवर दुरुस्तीची कामं चालतात. तिथल्या वेल्डर, फिटर, रंगाऱ्यांना रोज घरी येता येत नाही. म्हणून विहिरीशेजारी एक बार्ज नांगरून ठेवतात. बार्ज म्हणजे तरंगती चार मजली चाळच. दोनशे वीस बिछाने, मोठा भटारखाना आणि कपडे धुण्याची खोली. आमची कंपनी ती चालवते. कोण कधी जाणार आणि कधी परतणार याच्या याद्या मी शिवडीच्या ऑफिसात करतो. बार्जवर सगळ्यांचं जेवण आणि झोप घाडीगावकर बघतात. या हुद्द्याला कॅम्प बॉस म्हणतात.

मी बिछाने वाटतो ते नावांच्या क्रमाने. घाडीगावकर बार्जवर पोचले की माझी यादी मोडतात.

"रेगेसाहेब, बारा नंबरात तुम्ही तीन घोरणारे आणि एक साधा माणूस घातलात," असा त्यांचा फोन येतो. "तो चार दिवस झोपला नाही. हातात वेल्डिंगची गन आहे त्याच्या."

मग घोरणारे एका खोलीत जातात. रातपाळीवाल्यांच्या खोलीत दिवसपाळीचा माणूस ते कधी घालत नाहीत. नवख्याला बार्जच्या मधोमध खालचा बिछाना मिळतो, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. दर आठवड्याला संकटाची तालीम होते. भोंगा वाजला की सगळे लाइफबोटींकडे धावतात आणि घाडीगावकर उलट दिशेने. खोली न् खोली उघडून, संडासांचे दरवाजे ठोठावून, कुणी मागे राहिलं नाही याची खात्री करून ते शेवटी वर येतात. एकोणतीस वर्षं हेच चाललं आहे.

यंदा नवीन कंत्राट झालं आणि अट आली, की बार्जवर जाणाऱ्याने बोटीऐवजी हेलिकॉप्टरनेच जायचं. त्यासाठी एक परीक्षा असते. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटं झालं, तर त्यातून बाहेर कसं पडायचं याची. नापास झालेल्याला बार्ज बंद. घाडीगावकरांना मग शिवडीच्या गोदामात नेमणार होते.

"गोदामात ब्लँकेटं मोजत बसू?" ते म्हणाले. "ब्लँकेट घोरत पण नाय."

त्यांना पोहता येत नाही, हे तेव्हा मला कळलं.

"अहो, कोकणातले ना तुम्ही?"

"आमचो गाव कणकवलीच्या वर. थंय एक व्हाळ, तो पण फेब्रुवारीत सुकता."

परीक्षेला घाडीगावकर धरून आमची चार माणसं होती. त्यांना घेऊन मी पनवेलच्या पलीकडच्या प्रशिक्षण केंद्रावर गेलो. शिकवणाऱ्या मेघना मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी नीट समजावलं. पोहायला येण्याची गरज नाही, अंगात लाइफ जॅकेट असतं. तलावात लोखंडी पिंजरा, त्यात खुर्च्या. पिंजरा बुडून उलटा होईल. हलायचा थांबला की खिडकी ढकलायची, पट्टा सोडायचा, बाहेर पडायचं.

पिंजरा उलटला. एक डोकं वर आलं, दुसरं आलं, मग आमचा फिटर गौतम कांबळे आला. घाडीगावकर आले नाहीत. तलावात थांबलेल्या पाणबुड्यांनी त्यांना खेचून काढलं.

"पट्टा अडकला का काका?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"घाबरलात?"

"छे. गौतम बाहेर पडला की नाही, ते बघत होतो."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मॅडम म्हणाल्या, "काका, पाण्याखाली कुणाला वाटेला लावायचं नसतं. उद्या एकदाच संधी देते. मग मला नापास लिहावं लागेल."

संध्याकाळी मी घाडीगावकरांबरोबर चाळीत गेलो. त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनींनी चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"बुडताना पण तुमका पाहुणचार सुचता!" त्या म्हणाल्या. "पहिले तुम्ही, पहिले तुम्ही. लग्नाचो मांडव आसा काय तो?"

घाडीगावकर हसले नाहीत. "मुद्दाम करत नाय गो. संकट म्हटल्यावर पाय आधी मागेच वळतात. आता गोदामातच जायचं."

केंद्राने दिलेला बसण्याचा तक्ता माझ्या पिशवीत होता. सवयीने मी तो काढून बघितला. घाडीगावकर आतल्या खुर्चीवर होते आणि खिडकीशी गौतम.

"उद्या तुम्ही खिडकीशी बसा," मी म्हटलं. "आतल्या माणसाला दुसरी वाट नाही. तुम्ही बाहेर पडल्याशिवाय त्याला निघता येत नाही."

त्यांनी तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ बोट फिरवत पाहिलं. "म्हणजे मी थांबलो तर गौतम अडकात?"

"तर काय!"

"हां, असा सांगा मगे."

सकाळी मॅडमनी जागा बदलून दिली. पिंजरा उलटला. मी काठावर उभा. पहिलं डोकं वर आलं ते पांढऱ्या केसांचं. त्यांच्या पाठोपाठ गौतम. पोहता न येणारा तो माणूस जॅकेटवर तरंगत, गोल फिरत ओरडत होता, "दोनच झाले! बाकीचे दोघे खंय?"

"काका, आधी काठावर या!" मॅडम ओरडल्या. त्या हसत होत्या.

सर्टिफिकेट घेऊन आम्ही घरी आलो. वहिनींनी ते देवापुढे ठेवण्याआधी वाचलं.

"चार वर्षांची मुदत? आणि हे दोन वर्षांत रिटायर. रेगेसाहेब, दोन वर्षां कमी करून घेवा, नायतर हे तितकी नोकरी वाढवून मागतले."

मी हसलो. मी निघालो तेव्हा घाडीगावकर माझ्यामागे जिन्यापर्यंत आले आणि घराच्या दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "अर्ज कोणाच्या नावाने करायचा असतो?"