जादा पुटांची आमसुलं

बायकोच्या स्वादुपिंडात गाठ निघाली तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचलेला होता. डॉक्टर भला माणूस, उगाच आशेला लावलं नाही त्याने. त्यानंतरच्या मे महिन्यात पुण्याहून लेक आली. ती प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर काम करते. आईने विचारलं, तुम्ही तिथे नेमकं करता काय, आणि ही सांगत बसली. कॅन्सरची पेशी अधाशासारखी साखर खाते, त्या साखरेची चरबी करते आणि वाढते. रातांब्याच्या सालीतलं एक आम्ल हे चरबी करणं अडवतं.

"पण आई, हे काचेच्या ताटलीत. माणसात तेवढं पोचतच नाही."

हे शेवटचं बायकोच्या कानात शिरलंच नाही. "परसात औषधाचं झाड, नि आपण जन्मभर सोलकढ्या पीत बसलो," ती म्हणाली. मला लेकीचा राग आला. तिच्या हुशारीचा जास्त.

आमसुलं करण्यात आमच्या वाडीत बायकोचा हात कोणी धरत नसे. रातांब्याची साल खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. या एकेका बुडवण्याला पुट म्हणतात. दरवर्षी चार-पाच पुटं झाली की ती बरणी भरून मोकळी व्हायची. त्या वर्षी थांबेचना. जितका रस जिरेल तितकं औषध कडक, अशी तिची समजूत. आभाळ आलं की मी सुपं आत न्यायचो, ऊन पडलं की बाहेर. माझा काडीचा विश्वास नव्हता, पण नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

केमोने तिच्या तोंडात फोड आले होते. त्यावर ते खारट-आंबट आमसूल ठेवून ती चोखत बसायची आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. चहातली साखर सोडली, मग भातही सोडला. हाडं दिसायला लागली. लेक फोनवर आधी ताटलीचं पुन्हा पुन्हा समजावायची. मग तेही बंद झालं. "घे आई, घे तू," म्हणायला लागली. ते ऐकलं आणि मी सूप तिच्याजवळ सरकवलं.

एका दुपारी बायकोने सूप बाजूला सारलं.

"त्या गाठीची भूक मारायला गेले, मेली माझीच," ती म्हणाली. "आता मला साखर घालून चाय द्या हो. औषध नको नि काय नको."

मी करून दिला. दोन घोट गेले, तिसरा जाईना. कप हातात धरून मी तसाच बसून राहिलो. गणपतीच्या आधीच ती गेली.

माशाच्या आमटीला एरवी चार आमसुलं लागायची. ह्या जादा पुटांचं एकच पुरतं, दुसरं टाकलं तर घास तोंडात धरवत नाही. मी एकटा, आमटी ती केवढी. बरणी अजून गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि माझ्या हयातीत ती संपेल असं वाटत नाही.