अम्मीनं सरकून केलेली जागा

आधीच कबूल करतो — भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की "मोजून दाखवा" म्हणून त्यात पाणी ओतणारा माणूस मी. अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम केलंय. जे टेपनं मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. आता हेही मोजमापाचंच प्रकरण आहे म्हणा...

मी नाशिकला वडाळा रोडवर राहतो. तिसरा मजला, पश्चिमेच्या खिडकीशी टेबल. गेल्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका संशोधक बाईंचं काम आलं. कॉकेशस डोंगरांच्या उत्तरेला पूर्वी अलान नावाचे लोक राहायचे, त्यांच्या जमिनीखालच्या थडग्यांची ड्रॉइंग्ज. एक उतरती वाट, दगडानं बंद केलेलं लहानसं तोंड आणि आत खोली. ही रचना शतकागणिक कशी बदलली, ते कॉम्प्युटरवर एकावर एक लेयर, म्हणजे थर, ठेवून दाखवायचं होतं. आधीच्या थडग्यांवर मातीचे उंच ढिगारे, खाली लांबच लांब वाट. मग ढिगारे गेले, वाट आखूड झाली. पुढे तर तीच खोली पुन्हा पुन्हा उघडून घरातलंच माणूस आत ठेवू लागले... आधीच्यांची हाडं कडेला घेऊन.

"आपल्यातही जागा नसली की हेच करतात," मी बायकोला म्हणालो.

"जेवताना नको हं," शबाना म्हणाली.

पण माझ्या डोक्यात अब्बा होते. ते आतल्या खोलीत पडून असायचे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. निफाडला आयुष्यभर फरशी बसवलेला माणूस, मागणं एकच. "सलीम, मला तुझ्या अम्मीच्या कबरीतच ठेव. दुसरीकडं मला झोप नाय लागायची." वर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "पोरानं नकाशा काढून ठेवलाय."

काढला होता खरा. अम्मी गेली तेव्हा मी डिप्लोमाला होतो. आमच्या घरात कबरीवर नावाचा दगड लावत नाहीत, माती काही वर्षांत सपाट होते, म्हणून मी टेप लावून जागा कागदावर घेतली. आणि अंतर कशापासून मोजलं? निफाडच्या कबरस्तानातल्या कडुनिंबापासून! झाडापासून माप धरायचं नसतं हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पुढे निंब वादळात पडला, बुंधा निघाला, वर मुरूम पसरला. माझा नकाशा रद्दी झाला. अब्बांना हे सांगायची छाती होत नव्हती. रोज त्यांचे पाय दाबायचो. फार लाज वाटायची.

मे महिना, दुपारचे तीन. कूलर घरघरत होता. मी एकेक लेयर चालू-बंद करत होतो... स्क्रीनवरची वाट लांब व्हायची, आखूड व्हायची, लांब व्हायची... आणि मी त्या वाटेनं उतरत होतो. झोप लागली म्हणा. पण पायाखाली ओली माती होती, माठाजवळ असतो तसा गारवा होता, आणि भीती अजिबात वाटत नव्हती. वाकून आत गेलो तर अम्मी बसलेली. एसटीत ती खिडकीकडे अंग चोरून सरकायची आणि शेजारची जागा थोपटायची ना, तशीच भिंतीकडे सरकली. जागा थोपटली.

"अम्मी, तुझी जागा सापडत नाही गं," मी म्हणालो.

"विहिरीपासून मोज ना. झाडं काय, जातात." आणि हसली.

जाग आली तेव्हा समोर चहा होता, वाफ येत होती. स्क्रीनवर थडग्याच्या बाजूला एक गोल, आणि त्यापासून सरळ उत्तरेकडे गेलेली मापाची रेघ. एकेचाळीस फूट सहा इंच. अख्ख्या फाइलीत सगळी मापं मीटरमध्ये होती!

"चहा ठेवताना माउसला हात लावलास का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" शबाना म्हणाली. "तुम्ही तर घोरत होतात."

दुसऱ्या दिवशी निफाडला गेलो. कबरस्तानात जुनी गोल विहीर आहे. तिथं कबरी खणणाऱ्या गफूरचाचांना टेपचं एक टोक धरायला लावलं, कठड्यापासून उत्तरेला तेवढंच अंतर मोजलं आणि खुंटी ठोकली. घरी येऊन अब्बांना म्हणालो, "जागा पक्की आहे." किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी अब्बा गेले.

गफूरचाचा खुंटीपाशी खणायला लागले. खाली नुसतीच माती निघाली तर? मग पहार ठण्णकन वाजली. शहाबादी फरश्या! कोपऱ्यात छिन्नीच्या तीन बारीक रेघा — अब्बांची खूण. फरश्या त्यांनीच घडवून आत अम्मीवर ठेवल्या होत्या. मी चारचौघांत ओक्साबोक्शी रडलो. चाचांनी फरशी बाजूला केली, आत बघितलं आणि कबरीच्या कडेला टेकले.

"सलीमभाई," ते म्हणाले, "तीस वर्षं हे काम करतोय. हाडं मलाच कडेला घ्यावी लागतात. पर भाभी आधीच भिंतीला लागून हायेत. शेजारची जागा मोकळी हाय बघा."

पाणी शिरून हाडं सरकली असतील, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. ती रेघ झोपेत मीच काढली असेल, हेही मान्य. पण आकडा कुठून आणला? विहिरीपासून मी कधीच मोजलं नव्हतं.

बाईंना फाइल पाठवताना त्या रेघेचा तेवढा लेयर काढून टाकला. माझ्या फाइलीत ठेवलाय. एखाद्या दुपारी चालू करतो, रेघेकडे बघत बसतो. अब्बांना तिथं झोप लागली असणार.