नवरदेवाच्या खुर्चीत

गावाला पाणी सोडणारा माणूस सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याकडे बघत कोणी नाही. पाणी आलं तर ते नळाला येतं; आलं नाही, तर मात्र ते त्याच्यामुळे येत नाही. या गोष्टीतला पाणीवाला असाच होता. उजाडता उजाडता खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचा. गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यावरचं झाकण सरकवायचं, चावी आत घालायची, अंगातला सगळा जोर लावून फिरवायची, खालून गुरगुर ऐकू आली की पुढची गल्ली. बोलणं बेताचं. "हो", "नाही" आणि "बघू" या तीन शब्दांवर त्याचं आयुष्य चाललं होतं, आणि त्यातही "बघू" जास्त. घरात विधवा थोरली बहीण आणि तिची मुलगी. त्याने लग्न केलं नव्हतं. बहिणीचा संसार ओढता ओढता बिचाऱ्याचं राहूनच गेलं, असं लोक म्हणायचे. गाव असं परस्पर कारण शोधून देतं. माणसाला खोटं बोलायचेही कष्ट पडत नाहीत.

मधल्या गल्लीतल्या न्हाव्याने गावाला ही संधी दिली नाही. तो जवान असताना एक मावशी भर दुकानात त्याच्यासाठी स्थळ घेऊन आल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा चालवता चालवता तो म्हणाला, "मावशी, मुलगी नको. एखादा चांगला मुलगा असेल बघण्यात, तर सांगा." बाकावरचे आधी खो खो हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर दुकानाची काच फुटली आणि बाक बरेच दिवस रिकामा राहिला. मग एकेक जण मान खाली घालून परत आला. त्याच्यासारखा हात आसपास कुठे नव्हता, आणि आरशात तोंड रोज बघावं लागतं. गावाने आपली हार एका नावात गुंडाळली. त्याला "नवरदेव" म्हणायला लागले. तो त्या नावाला खुशाल ओ द्यायचा.

एकदा त्याच्या नळाला पाणी येईना, तेव्हा तो खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "काय पाणीवाले, सगळ्या गावाला पाणी पाजता, आमच्यावरच राग का?"

"राग नाही," पाणीवाला म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. कानांशीच धंदा असल्यामुळे नवरदेवाला ते लगेच दिसलं.

पुढचं जमायला वेळ लागला, पण जमलं. पाणी सुटलं की अख्खं गाव नळाशी असतं. बादल्या, घागरी, पिंपं, भांडणं. त्या वेळी गल्ल्या ओस पडतात, आणि पाणीवाला अमुक बोळात का शिरला हे विचारायला कोणाला सवड नसते. वरची लांब गल्ली भरेपर्यंत त्याला अर्धा-पाऊण तास मिळायचा. दुकानाच्या मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आत एक स्टोव्ह, दोन कप, वाळत घातलेले टॉवेल आणि एक अरुंद पलंग. पलंगाच्या कडेला बसून ते चहा प्यायचे. नवरदेव बोलायचा, पाणीवाला ऐकायचा, आणि कधी कधी नुसता हात हातात घेऊन बसायचा. त्यांच्या प्रेमाला गावाच्या तहानेएवढाच वेळ होता. वर्षानुवर्षं त्यांनी तेवढ्यावर भागवलं.

सावध माणसं चुकतात ती सावधपणातच. पाणीवाल्याला धास्ती होती, की नवरदेवाने चारचौघांत आपल्या मानेला हात लावला तर आपला चेहरा आपल्याला फितूर होईल. म्हणून तो केस कापायला त्याच्याकडे जातच नसे. तो चौकातल्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे जायचा. म्हाताऱ्याला डोळ्यांनी अंधूक दिसायचं आणि कानांनी मुळीच ऐकू यायचं नाही. तिथून पाणीवाला यायचा तो डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं करून.

शेवटी एका सकाळी ताईनेच विषय काढला. ती भाजी निवडत होती.

"त्या नवरदेवाला शिव्या देणारेसुद्धा दाढी त्याच्याचकडे करतात," ती म्हणाली. "अख्ख्या गावात तू एकटा जात नाहीस. का रे?"

"म्हातारा जवळ पडतो."

"जवळ? त्याच्या दुकानावरून पुढे जावं लागतं म्हाताऱ्याकडे." तिने मान वर केली नाही. "चोराच्या मनात चांदणं असतं, बाळा."

तो चपला घालायला उठला. मागून ताई म्हणाली, "पोरीचं लग्न होऊन जाऊ दे. तोवर मला काही कळलेलं नाही."

भाचीचं लग्न झालं. तिला मुलं झाली, ती मोठी झाली. ताईने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि यानेही नाही. आता त्याला कोणी अडवत नव्हतं. पण माणूस पिंजऱ्यात बरीच वर्षं राहिला, की दार उघडं आहे हे त्याला कळतं पण वळत नाही.

नवरदेवाचं मागणं एवढंसं होतं. "रविवारी ये. पुढच्या दाराने. सगळ्यांसारखा बाकावर बस, तुझा नंबर आला की खुर्चीत बस. मला तुझी दाढी करू दे. दुसरं काही नको."

"बघू," पाणीवाला म्हणायचा.

आणि मग नवरदेवाचा हात कापायला लागला. आधी चहाचा कप बशीत खडखडला, तेव्हा दोघंही हसले. मग कात्री लटपटायला लागली. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की हे वाढतच जाणार. एका रविवारी निवृत्त हेडमास्तरांच्या कानाला वस्तरा लागला. हेडमास्तर सज्जन, ते म्हणाले, "असू दे, असू दे." पण पुन्हा आले नाहीत. समोर एका तरुणाने नवं सलून उघडलं होतंच. नवरदेवाचा बाक मात्र रिकामा पडला नाही, हे जास्त वाईट. लोक सवयीने यायचे, पेपर वाचायचे, गप्पा हाणायचे, आणि खुर्चीत बसायची वेळ आली की एकमेकांना म्हणायचे, "तू जा आधी, मला घाई नाही." मग एकेक जण उठून समोर जायचा. हा माणूस कोणावर प्रेम करतो ते गावाने पचवलं होतं. हात कापतो ते काही पचेना.

एका सकाळी मागच्या खोलीत पलंगावर उघडी सुटकेस दिसली.

"येत्या रविवारी शेवटचं दुकान उघडतो," नवरदेव म्हणाला. "सोमवारी भावाकडे जातो. वहिनीने एक खोली दिलीय. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो रे आता. एकट्याने कसं निभवायचं? आणि इथे कोण आहे माझं?"

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याने खरोखर विचारलं होतं, आणि तो उत्तराची वाट बघत होता. पाणीवाल्याच्या हातात कप होता. तो कपाकडे बघत राहिला, मग उठला, चावी उचलली आणि व्हॉल्व्ह बंद करायला निघून गेला. त्या दिवशी त्याने दोन गल्ल्यांना पाणी सोडलंच नाही. बायका ओरडल्या तेव्हा कुठे त्याला आठवलं. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटत होती.

रविवारी पाणी आटोपून तो चावीसकट पुढच्या दाराने दुकानात शिरला. बाकावर किराणावाला, पोस्टमन आणि आणखी दोघं-तिघं बसले होते. त्याने चावी भिंतीला टेकवली आणि थेट खुर्चीत जाऊन बसला. आरशात नवरदेवाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केस कापू?" नवरदेव हळूच म्हणाला. "जमेल तेवढे कापतो."

"दाढी," पाणीवाला म्हणाला.

"नको. लागेल तुला."

"दाढी कर."

नवरदेवाने साबण लावला. त्यालाही वेळ लागला. थोडा फेस गळ्यावर सांडला, थोडा शर्टावर. मग त्याने वस्तरा उघडला, आणि पातं उजेडात थरथरताना सगळ्यांनी बघितलं. पोस्टमनने पेपर खाली ठेवला.

"अरे ए पाणीवाल्या," किराणावाला म्हणाला, "जीव वर आलाय का तुझा? कधी नव्हे ते आलास, आणि आजच? समोर जा की. त्याच्याकडून करून घेतंय कोण आता?"

पाणीवाल्याने मान मागे टाकली आणि गळा मोकळा केला. त्याचे कान लाल झाले होते, चेहरा पार फितूर झाला होता, आणि त्याने तो लपवला नाही.

"मी याच्याकडेच येतो," तो म्हणाला. आवाज फुटला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "तुम्ही सगळे पुढच्या दाराने येत होतात, मी मागच्या. तुम्ही नळाशी असायचात तेव्हा." मग तो आरशातून नवरदेवाला म्हणाला, "इथे कोण आहे असं विचारलंस ना परवा? मी आहे."

कोणी हसलं नाही. किराणावाल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एक जण उठून चपला शोधायला लागला. पोस्टमन जागचा हलला नाही.

नवरदेवाने वस्तरा गालाला टेकवला. हात जास्तच कापायला लागला, तेव्हा पाणीवाल्याने आपला हात वर नेऊन त्याचं मनगट धरलं. व्हॉल्व्ह फिरवून फिरवून राठ झालेला हात होता तो. दोघांच्या हातांनी पातं कानापासून हनुवटीपर्यंत खाली आलं. हनुवटीपाशी कापलं, आणि फेसात लाल रेघ उतरली.

"लागलं का रे?"

"लागलं," पाणीवाला म्हणाला. "कर तू सावकाश. संध्याकाळी सुटकेस घेऊन घरी ये."

"आणि ताई?"

"ताईला सकाळीच सांगून आलोय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, इतकी वर्षं मी वाट बघत होते."

नवरदेवाने वस्तरा मिटायला घेतला. तो त्याला मिटता येईना, म्हणून त्याने तसाच फळीवर ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत पाणीवाल्याच्या खांद्यावर कपाळ टेकून तो मोठ्याने रडला. पाणीवाला अर्धी दाढी झालेल्या तोंडाने सरळ आरशात बघत बसून राहिला. दारातून बघायला माणसं जमत होती.