खिडकीजवळची खुर्ची

नात्याने ती एकाच भाचीची आत्या, पण आत्या म्हणून गल्लीने तिला केव्हाच वाटून घेतलं होतं. बावीस वर्षं तिने खानावळ चालवली आणि धंद्याचा एकच नेम पाळला: रिकामी जागा कुणाच्या नजरेस पडू द्यायची नाही. रिकाम्या खानावळीत कोण पाय ठेवतो? म्हणून सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रस्त्याकडच्या खिडकीतच बसायचं, डोळ्यांवर ऊन आलं तरी. गिऱ्हाईकच नसेल तर समोरच्या शिंप्याला हाक जायची, "या हो, चहा घ्या. पण खिडकीत बसून घ्या!"

मग सरकारने नळ टाकायला रस्ता खणला. नळ कुठे गेले देव जाणे, खड्डा मात्र नऊ महिने मुक्कामाला राहिला. गिऱ्हाईक आटलं. पण सरकार म्हणजे मायबाप! त्याला पाझर फुटला आणि अडचणीतल्या छोट्या धंद्यांसाठी मदतनिधी जाहीर झाला. अर्जाला फक्त अकरा कागद. त्यात एक धंदा बुडत असल्याचा दाखला, आणि एक धंदा बुडणार नाही याचं हमीपत्र. आत्याच्या भावाने आठ खेटे घालून दोन्ही मिळवले. निधी आला तर भाडं भागणार, नाहीतर महिनाअखेरीस जागा सोडायची, असं घरमालकाने तोंडावर सांगितलं होतं.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर भावाने बजावलं, "ताई, जरा तोंड पाडून बस. काही मांडू नकोस, काही पुसू नकोस."

"बरं," आत्या म्हणाली, आणि त्या क्षणी तिला ते खरंच पटलं होतं.

पण सकाळी ती ओस टेबलं तिला बघवेनात. पाहुणा येणार आणि त्याला ही अवकळा दाखवायची? साहेब खड्ड्यावरची फळी ओलांडून आत आले, तेव्हा शिंपी सहकुटुंब जेवत होता, भावजयीचं अख्खं माहेर कोपऱ्यात बसलं होतं आणि न्हावी आपल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी घेऊन आला होता. खिडकीतली एक खुर्ची तेवढी साहेबांसाठी राखली होती. भावाने कपाळावर हात मारला. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं, पैशांचा विषय काढला नाही, वहीत मात्र मन लावून लिहिलं.

पंधरा दिवसांत पत्र आलं. खात्याची एवढी तत्परता कुणी पाहिली नव्हती. 'पाहणीवेळी सर्व आसने भरलेली आढळली. जेवणाचा दर्जा उत्तम. सदर व्यवसाय अडचणीत असल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' जेवणाबद्दलचं वाक्य आत्याला आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःची लाज वाटली. मग ती पोटभर रडली.

महिनाअखेरीस सामान टेम्पोत चढत होतं, तेवढ्यात साहेब दोन सहकाऱ्यांना घेऊन जेवायला हजर.

"अहो, हे काय? एवढं छान चाललं होतं! बंद का करताय?"

भाऊ तावातावाने पुढे झाला. आत्याच्याही ओठांवर ठेवणीतल्या शिव्या आल्या होत्या. पण बावीस वर्षांची सवय अशी सुटते थोडीच? टेम्पोत चढवलेली एक खुर्ची तिने उतरवून घेतली, फडक्याने पुसली आणि आत नेऊन ठेवली.

"बसा साहेब," ती म्हणाली. "पण इथे, खिडकीत बसा."